ट्यूबरस स्क्लेरोसिस ओळखताना या चुका टाळा

ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकातल्या दोषाने मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंडांत गाठी होण्याचा आजार. त्याची खूण बरेचदा त्वचेवरच असते. म्हणून झटक्यांसाठी आणलेल्या बाळाचं झबलंही न काढता थेट एमआरआयची चिठ्ठी लिहिणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रम ठरलेला असतो. पाच महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की मान खाली टाकतं, हात फेकतं, क्षणात सैल पडतं. काही सेकंदांनी पुन्हा तसंच, ओळीने वीस-तीस वेळा. घरचे म्हणतात ‘दचकतंय’, दवाखान्यात ‘पोटात मुरडा’ म्हणून ग्राइप वॉटर. महिन्याभरात बाळ हसेनासं होतं. पाठीवरचे, मांडीवरचे पांढुरके चट्टे कृमींच्या नाहीतर कॅल्शियमच्या खात्यावर जातात.

सगळे कपडे काढा, खोलीत अंधार करा, वुड्स लॅम्प (चट्टे उठून दाखवणारा अतिनील दिवा) फिरवा. गोऱ्या बाळाचा चट्टा साध्या उजेडात निसटतो. किमान ५ मिमीचे तीन चट्टे म्हणजे एक प्रमुख निकष. असे दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख आणि दोन दुय्यम निकष जुळले की निदान पक्कं. झटक्याचा व्हिडिओ मागून घ्या. झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) ‘पुढच्या महिन्यात’ नको, लगेच हवा. या आजारातल्या अशा झटक्यांवर पहिलं औषध विगाबॅट्रिन. उशिराची किंमत बाळाची बुद्धी मोजते.

दुसरी चूक घाईची: सीटीत कॅल्शियमचे ठिपके दिसले की न्यूरोसिस्टिसरकोसिस (मेंदूतल्या फीतकृमीच्या अळ्यांचा आजार) लिहून अल्बेंडाझोल हे कृमीचं औषध सुरू. आधी जागा बघा. पार्श्व व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) भिंतीला चिकटलेल्या गाठी ट्यूबरस स्क्लेरोसिसकडे बोट दाखवतात. सिस्टिसरकोसिसचे ठिपके बहुधा मेंदूच्या ऊतीत (पॅरेन्कायमात) विखुरलेले असतात. पहिल्या वर्षात या गाठींत कॅल्शियम बहुतेक नसतंच, त्यामुळे ‘सीटी स्वच्छ’ यावर विसंबू नका. मोठ्या मुलांत कॉर्टिकल ट्यूबर (मेंदूच्या बाहेरच्या थरातले सदोष ऊतीचे भाग) एमआरआयच्या फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत पांढरे उठतात. नवजात बाळात मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) तयार झालेलं नसल्याने ते एमआरआयच्या टी-१ चित्रांत उजळ आणि टी-२ चित्रांत काळपट दिसतात. फक्त फ्लेअर चाळणाऱ्याच्या हातून ते सुटतात.

मन्रोच्या छिद्राजवळची (मेंदूतल्या पोकळ्या जोडणाऱ्या वाटेजवळची) गाठ १ सेंमीच्या वर असेल किंवा वाढत असेल, तर सेगा (या आजारात होणारी मेंदूतली वाढती गाठ) समजून न्यूरोसर्जनला दाखवा. लक्षणं नसली तरी पंचविशीपर्यंत दर १ ते ३ वर्षांनी एमआरआय.

या आजारात गालावर येणारे लालसर पुरळ मुरुमं समजून मलम देऊ नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मुरुमं येत नाहीत.

झटके, मतिमंदत्व आणि पुरळ हे त्रिकूट पूर्ण होण्याची वाट पाहू नका. कित्येकांची बुद्धी चांगली असते.

जनुक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निदान खोडू नका. निकष जुळणाऱ्या १०-१५ टक्के रुग्णांत नेहमीच्या चाचणीला दोष सापडत नाही.

हृदयाचा इको आणि मूत्रपिंडांची तपासणी राहू देऊ नका. आजार आईवडिलांकडून आलेला असू शकतो, म्हणून त्यांची नखंही बघा: नखाच्या कडेची मांसल गाठ त्यांनी वर्षानुवर्षं चामखीळ म्हणून सोडून दिलेली असते.