काकांच्या कष्टाचं चीज: न्याय्य वाटपाचा अभ्यास कुठून सुरू करावा

आमची निफाड तालुक्यातली चार एकर द्राक्षबाग वाटली गेली, त्या वर्षी मी एम.ए. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होते. वडील नाशकात नोकरीला, काका वीस वर्षं बागेत. सातबाऱ्यावर निम्मं-निम्मं लागलं. ओट्यावर बसून काका एवढंच म्हणाले, "दादा, तुझ्या हक्काचं तुला मिळालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या कष्टाचं चीज नाही झालं." वडिलांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही, आणि त्याच सत्रात मला न्याय्य वाटपावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स अभ्यासाला होता.

हा विषय नुकताच घेतला असेल तर काकांचं बोलणं पुन्हा एकदा वाचा. हक्क आणि चीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी एका दमात सांगितलं. इंग्रजीत दुसऱ्या गोष्टीला 'डिझर्ट' म्हणतात. स्पेलिंग वाळवंटाचंच, पण शब्द 'डिझर्व्ह'च्या कुळातला. मराठीत त्याला नेमका एक शब्द नाही. 'पात्रता' म्हटलं की फॉर्म आणि अटी आठवतात. 'लायकी' मी लिहीत नाही, कारण माणसाला जन्मावरून खाली बसवायला तो शब्द आपल्याकडे फार वापरला गेलाय. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मागणी कशाच्या बक्षिसाची नव्हती, दार उघडण्याची होती. जे माणूस म्हणूनच मिळायला हवं, तिथे 'तुम्ही असं काय केलंत?' हे विचारणंच अन्याय आहे. वाटपाच्या कुठल्याही वादात आधी हे पाहायचं: हा चीज होण्याचा प्रश्न आहे की मुळात हक्काचा?

अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्गचा १९६३ चा 'जस्टिस अँड पर्सनल डिझर्ट' हा निबंध सगळ्यात आधी वाचा, रॉल्सच्याही आधी. त्यातून तीन रकाने हाती लागतात: कोणाला, काय आणि कशाबद्दल. 'कशाबद्दल'चं उत्तर त्या माणसातच असावं लागतं, त्याने केलेल्या कामात किंवा त्याच्या गुणात. विद्यार्थ्याला चांगले गुण का द्यायचे? पेपर चांगला लिहिला म्हणून. नाही दिले तर आई खचेल, हे खरं असलं तरी ते गुण देण्याचं कारण होत नाही.

मी वहीत काकांसाठी तीन रकाने आखले आणि 'कशाबद्दल'खाली 'वीस वर्षांचे कष्ट' लिहिलं. काकूंनी ते वाचलं आणि विचारलं, "आणि विरळणीच्या बाया?" घडात मणी धरले की पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात. मांडवाखाली उभं राहायचं, मान दिवसभर वर, हातात छोटी कात्री. दाटीतले मणी नेमके काढायचे आणि शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. संध्याकाळी त्यांची मान खाली होत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय. कष्टच मोजायचे तर त्यांचा वाटा कुठे गेला? आणि उत्पन्नाला लागलेला हातभार मोजायचा, तर फेब्रुवारीत गारपिटीने माल झोपला त्या वर्षी काकांच्या पदरात शून्य पडायला हवं, कष्ट तेवढेच असूनही. कष्ट मोजायचे की फळ, इथे या विषयातली निम्मी भांडणं आहेत. अॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात हेच सांगितलंय: वाटा योग्यतेप्रमाणे मिळावा हे सगळ्यांना मान्य असतं, योग्यता कशात धरायची यावर एकमत होत नाही.

आता रॉल्स. 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१) अखंड वाचायला घेऊ नका, मी घेतलं आणि दोन महिने अडकले. कलम १७ आणि ४८ आधी वाचा. तो म्हणतो, अंगचे गुण आणि कुठल्या घरात जन्मलो हे कोणी कमावलेलं नसतं. कष्ट करण्याची तयारीसुद्धा त्यावरच बऱ्याच अंशी ठरते. म्हणून नैतिक योग्यतेवर वाटप उभं करता येत नाही. नियम न्याय्य असतील तर त्या नियमांनुसार बाळगलेली अपेक्षा मात्र रास्त ठरते. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. काकांसमोर उभं राहून 'तुमची चिकाटीही नशिबाचीच' असं मी म्हणू शकत नाही.

रॉल्सचा टीकाकार, अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक (१९७४) त्याला नेमकं इथेच अडवतो: ज्याच्या जोरावर वाटा मागायचा, ती गोष्टही तळापर्यंत कमावलेलीच असली पाहिजे असं का? पण सांभाळा. नॉझिक कष्टाच्या मोबदल्याची बाजू घेतो असं पेपरात लिहाल तर गुण जातील. त्याचा सिद्धांत हक्काचा आहे: मालमत्ता रीतसर मिळवली आणि रीतसर हस्तांतरित झाली की पुरे. योग्यतेप्रमाणे वाटा हा साचाही तो नाकारतो. नेटच्या (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेच्या) अभ्यासक्रमात रॉल्स, नॉझिक, ड्वॉर्किन, सेन हे न्यायावर लिहिणारे विचारवंत एका ओळीत येतात, त्यामुळे हा घोळ सर्रास होतो.

फक्त परदेशी उदाहरणांवर राहू नका. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात दिलं नाही, माणशी दिलं: एका माणसाला अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि ऊस बंद. हे तीन रकान्यांत भरून पाहा. 'कशाबद्दल'खाली काय लिहाल, यावर आमच्या अभ्यासगटात दोन संध्याकाळी गेल्या.

पुस्तकांचं म्हणाल तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश संज्ञांसाठी उघडा ठेवा. स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफीवरची 'डिझर्ट' ही नोंद फुकट वाचता येते. ती कठीण आहे, रोज दोन परिच्छेद पुरे. आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या घरातली एक वाटणी तीन रकान्यांत मांडा: शेताची, दागिन्यांची, आजीच्या औषधपाण्याच्या खर्चाची, कुठलीही.

माझं ते पहिलं पान अजून जपून ठेवलंय. 'कोणाला'खाली दोनच नावं आहेत, वडील आणि काका. आत्याने हक्कसोड पत्रावर सही केली होती, म्हणून मी तिला धरलंच नव्हतं. तिचं नाव मी दुसऱ्या वर्षी, वेगळ्या शाईने लिहिलं.