केस, कातडी आणि डोळ्याचं भिंग : नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री संपत आली की मुलं विषय शोधायला लागतात. बहुतेकांच्या डोक्यात कॅन्सर नाहीतर मधुमेह आधीच ठरलेला असतो. केसावर पीएच.डी. करता येते म्हटलं की त्यांना हसू येतं. तेल-शाम्पूच्या जाहिरातींनी या विषयाची पत घालवली, त्याला मुलं तरी काय करणार! मी बरीच वर्षं याच भागात वावरते आहे. आधी भिंगातली प्रथिनं, मग त्वचेच्या पेशी आणि हल्ली केसांची मुळं. बाहेरून तीन वेगळे विषय दिसतात, पण आत शिरलं की घराणं एकच आहे हे कळतं.

त्वचेचा वरचा थर, केसाच्या मुळातल्या केस घडवणाऱ्या पेशी आणि डोळ्याचं भिंग या तिन्हींचा उगम गर्भाच्या बाह्यस्तरात (एक्टोडर्ममध्ये) आहे. पेशींचं आयुष्यही एकाच वळणाचं. ठरावीक जागी विभाजन चालू असतं. तिथून बाहेर पडलेली पेशी मोजक्या प्रथिनांनी स्वतःला ठासून भरते आणि मग आपलं केंद्रक मोडून टाकते. त्वचेत आणि केसात ती प्रथिनं म्हणजे मुख्यतः केराटिन, भिंगात क्रिस्टॅलिन. केंद्रकातला डीएनए तोडणारी एन्झाइमं मात्र वेगळी : भिंगात डीएनेज-टू-बीटा, केस-त्वचेत डीएनेज-वन-एल-टू. गळालेल्या केसाच्या दांड्यात केंद्रकाचा डीएनए जेमतेम आणि तुटका सापडतो तो यामुळेच. गुन्ह्याच्या तपासात अशा केसावरून मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या तंतुकणिकांच्या) डीएनएचा माग काढतात.

मोठा फरक पुढे आहे. कातडी झडते, केस गळतो, भिंगातून मात्र काहीच बाहेर जात नाही. नवे तंतू जुन्यांवर चढत राहतात आणि गाभ्यातली प्रथिनं माणसाच्या जन्माआधीची असतात. ती बदलून मिळत नाहीत.

म्हणून नवख्याने आधी स्वतःला एकच विचारावं : न विरघळणारं विरघळवण्यात रस आहे, की विरघळलेलं तसंच टिकवण्यात? केसात प्रथिनं एकमेकांना डायसल्फाइड बंधांनी (दोन गंधक अणूंमधल्या जोडांनी) जखडली तर केस बनतो. भिंगात प्रथिनं अशीच जखडली गेली की मोतीबिंदूची वाट धरली. रसायन तेच, एकीकडे ते बांधकाम आणि दुसरीकडे आजार. या प्रश्नावर तुमचे बफर, तुमची उपकरणं, इतकंच काय तुमचा स्वभावही ठरतो.

केसापासून सुरुवात करणाऱ्यांचे पहिले काही आठवडे प्रथिनं बाहेर काढण्यातच जातात. नेहमीच्या लायसिस बफरला (पेशी फोडणाऱ्या द्रावणाला) केस दाद देत नाही. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातून २००२ मध्ये आलेली पद्धत आजही सोयीची आहे : ५ मोलर युरिया, २.६ मोलर थायोयुरिया, ५ टक्के मर्कॅप्टोइथॅनॉल, पीएच ८.५चा ट्रिस आणि ५० अंशांवर एक ते तीन दिवस. मर्कॅप्टोइथॅनॉलचा वास सगळ्या मजल्यावर फिरतो, तेव्हा फ्यूम हूडशिवाय बाटली उघडू नका. शेजारच्या लॅबशी वैर परवडत नाही. मग प्रथिन मोजायला घेताना बीसीए पद्धत वापराल तर आकडा फुगलेला येईल, कारण त्यात तांब्याचं क्षपण मोजतात आणि तुमच्या बफरमधलं मर्कॅप्टोइथॅनॉल तेच काम आयतं करून ठेवतं. इथे रंगद्रव्यावर चालणारी ब्रॅडफोर्ड पद्धत बरी, मात्र नमुना पुरेसा पातळ करून आणि त्याच बफरचा ब्लँक (तुलनेसाठी प्रथिनाशिवायचा नमुना) लावून.

युरियाबद्दल आणखी एक. तो तापवला की थोडा सायनेट बनतो आणि सायनेट प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिनं ओळखायला) नमुना द्यायचा असेल तर ही डोकेदुखी ठरते. गंमत अशी की याच सायनेटवरून मोतीबिंदूचा एक सिद्धान्त मांडला गेला होता. तीव्र जुलाब आणि उष्माघातात शरीर कोरडं पडतं, रक्तात युरिया वाढतो, सायनेट वाढतो आणि तो भिंगाच्या प्रथिनांना बाधतो, असा तो तर्क. रायपूर भागातला अभ्यास १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात जुलाब आणि मोतीबिंदूचा संबंध ठळक दिसला. पुढे दक्षिण भारतातल्या अभ्यासात तो दिसला नाही. रसायन पक्कं असलं म्हणून रोगाचं कारण पक्कं होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून शिकवते.

आता भिंग. परदेशी प्रोटोकॉलमध्ये सगळीकडे गाई-वासरांची भिंगं लिहिलेली असतात. महाराष्ट्रात गोहत्या आधीपासून बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे आपल्याकडे काम चालतं बकऱ्याच्या डोळ्यांवर. खाटकाशी ओळख करून घ्या आणि सकाळी लवकर जा. डोळे बर्फात घालून आणायचे, पण बर्फाला थेट चिकटू द्यायचे नाहीत. बुबुळाच्या बाजूने न कापता मागून कापा, काचद्रव सांडू द्या, मग भिंगाला धरून ठेवणारे बारीक धागे टोकदार कात्रीने गोलाकार तोडा. पात्याचं टोक भिंगाच्या आवरणाला लागता कामा नये. ओरखडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भिंग दोनेक तास टीसी-१९९ या पोषक माध्यमात ३७ अंशांवर ठेवतात आणि नंतर ते माध्यम २८० नॅनोमीटरवर वाचतात, ब्लँक म्हणून कोरं माध्यम. प्रथिन गळलेलं दिसलं की ते भिंग बाद. कोवळ्या जनावराचं भिंग फ्रिजमधून काढल्यावर दुधाळ दिसलं तर फेकू नका. क्रिस्टॅलिनचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार आहेत, त्यातलं गॅमा-क्रिस्टॅलिन थंडीत वेगळं पडतं म्हणून ते पांढरं होतं, ऊब मिळाली की पुन्हा आरपार दिसायला लागतं.

पहिला स्वतंत्र प्रयोग म्हणून मी नेहमी अल्फा-क्रिस्टॅलिन सुचवते. भिंगाचा अर्क जेल फिल्ट्रेशनच्या (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या) स्तंभातून सोडला की सर्वांत मोठा असल्यामुळे अल्फा सर्वांत आधी उतरतो, त्यामागून बीटा आणि शेवटी गॅमा. मग इन्शुलिनमध्ये डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घाला. इन्शुलिनच्या दोन साखळ्या सुटतात, बी-साखळी गोळा होते आणि ३६० नॅनोमीटरवर गढूळपणा चढत जाताना दिसतो. दुसऱ्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक नळीत) अल्फा-क्रिस्टॅलिन आधीच घालून ठेवा, तिथली आलेखाची रेघ जवळपास सपाट राहते. अल्फा-क्रिस्टॅलिन इतर प्रथिनांना सांभाळून घेतं हे लॉस एंजेलिसच्या जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवलं. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत या विषयावर भरपूर काम झालं आहे, राष्ट्रीय पोषण संस्थेतही. आपल्या मुलांनी पुण्या-मुंबईपलीकडे बघावं ते याचसाठी.

त्वचेच्या पेशी वाढवणं आता सोपं वाटतं, पण १९७५ पर्यंत माणसाच्या केराटिनोसाइटचे (केराटिन बनवणाऱ्या त्वचापेशींचे) पॅसेज करणं, म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या बशीत पुन्हा पुन्हा वाढवणं, कुणाला नीट जमत नव्हतं. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी किरणोत्साराने विभाजन थांबवलेल्या उंदराच्या ३टी३ पेशींचा खालचा थर वापरून ते जमवलं. आज तयार माध्यमं मिळतात, त्यामुळे सगळी मेख कॅल्शियममध्ये आहे. ०.०५ मिलिमोलरच्या आसपास पेशी वाढत राहतात, १.२च्या वर नेलं की एकमेकींना बिलगतात आणि पक्व व्हायला लागतात. माध्यमात घालतात त्या सीरममध्येही (रक्तद्रवातही) कॅल्शियम असतं, हे विसरून ‘पेशी आपोआप का बदलल्या’ असं विचारणारे दरवर्षी भेटतात. सुरुवातीला हॅकॅट नावाच्या तयार केराटिनोसाइट पेशी घ्या, त्या अमर आहेत आणि रुसत नाहीत. फक्त त्यांच्यात डीएनएला इजा झाली की पेशीला आवरणारं पी५३ जनुक बिघडलेलं आहे, म्हणजे अतिनील किरणांवरचा प्रबंध निव्वळ हॅकॅटवर उभारू नका. परीक्षक तिथेच बोट ठेवतील. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) संग्रहासारख्या अधिकृत ठिकाणाहूनच मागवा. मैत्रिणीच्या लॅबमधून आणलेल्या फ्लास्कबरोबर मायकोप्लाझ्मा (कल्चर बिघडवणारा सूक्ष्म जीवाणू) फुकट येतो.

केसाचं मूळ जिवंत वाढवणं हे या तिन्हींत सर्वांत नाजूक. फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये माणसाची सुटी केसमुळं बशीत वाढवून दाखवली, दिवसाला साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावर वाढतो जवळपास तितकाच केस. उपटलेल्या केसाला पांढरट आवरण येतं, त्यातून केराटिनोसाइट मिळतात. पण तळाचा पॅपिला (केसाच्या वाढीला चालना देणारा पेशींचा पुंजका) कातडीतच राहतो, त्यामुळे अख्ख्या मुळासाठी हेअर ट्रान्सप्लांटमधलं उरलेलं ऊतक लागतं. त्यासाठी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. समितीच्या बैठका लांबतात. विषय ठरला त्याच आठवड्यात अर्ज करा, संमतीपत्र मराठीतही तयार ठेवा, मधल्या काळात उपटलेल्या केसांवर हात बसवा. (उपटलेल्या केसांनाही संमती लागते, लॅबमधल्या मित्राचे असले तरी.)

या कष्टांचं चीज कुठे होतं याचं माझं आवडतं उदाहरण विंचरताच न येणाऱ्या केसांच्या दुर्मिळ विकाराचं आहे. केसाभोवतीच्या आतल्या आवरणात ट्रायकोहायलिन नावाचं प्रथिन असतं. एक एन्झाइम त्यातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन करतं, दुसरं, ट्रान्सग्लुटामिनेज, त्याला कायमचं सांधतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या जॉर्ज रॉजर्स यांनी ही सिट्रुलिनची भानगड १९६०च्या आसपासच शोधली होती, निव्वळ रसायन म्हणून. २०१६ मध्ये या विकाराची जनुकं सापडली ती तीन : ट्रायकोहायलिनचं आणि त्या दोन एन्झाइमांची. हे आवरण म्हणजे केसाचा साचा, तो कडक झाला नाही की केस वेडावाकडा निघतो.

पैशांचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या अधिछात्रवृत्तीही बघा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींत बसत असाल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा. पैसे उशिरा येतात हे गृहीत धरून घरी आधीच बोलून ठेवा.

गाईड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी चहाला बसा. नमुने कुठून येतात, समितीची परवानगी कधीपर्यंत वैध आहे, कल्चर रूमची पाळी कशी लागते, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी लॅब बघा. नोकरीचं म्हणाल तर त्वचा आणि केसवाल्यांना सौंदर्यप्रसाधनं आणि औषध कंपन्यांची दारं लवकर उघडतात, कारण प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी आपल्याकडे २०१४ पासून बंद आहे आणि कंपन्यांना पेशींवरच्या चाचण्या करणारी माणसं लागतात. भिंगवाल्यांना बहुधा नेत्रसंस्था नाहीतर अध्यापन. प्रथिनांच्या गोळा होण्यावर पक्की पकड असेल तर इन्शुलिन आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या कंपन्यांतही अर्ज करा, बाटलीतलं औषध गढूळ होऊ न देणं हा त्यांचा रोजचा प्रश्न असतो.