ब्लॅडरचं मशीन बसवताय? आधीची आणि नंतरची तयारी

लघवीची घाई आली की थांबवताच येत नाही, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले आणि आता डॉक्टरांनी सॅक्रल नर्व्ह स्टिम्युलेटर (ब्लॅडरच्या, म्हणजे मूत्राशयाच्या, कामाशी जोडलेल्या पाठीच्या तळाच्या नसेला हलके विजेचे इशारे देणारं छोटं मशीन) सुचवलाय, अशांसाठी हे लिहितेय. अमेरिकेत याला १९९७ पासून मंजुरी आहे, त्यामुळे आपल्यावर काहीतरी प्रयोग चाललाय असं वाटून घेऊ नका, तयारी मात्र मनापासून करा.

पहिली गोष्ट डायरी. ट्रायलच्या (कायमचं मशीन बसवण्याआधी तात्पुरती वायर घालून फायदा होतो का ते बघतात, त्याच्या) आधी निदान तीन दिवस किती वाजता गेलात, किती झाली (मापाचा एक मग बाथरूममध्ये वेगळाच ठेवा), गळती झाली का, पॅड किती लागले, चहापाणी किती झालं, सगळं लिहा आणि ट्रायल चालू असताना परत तसंच लिहा, कारण त्रास साधारण निम्म्याने तरी कमी झाला तरच कायमचं मशीन बसवतात आणि ते मुख्यतः या डायरीवरूनच ठरतं. ट्रायलमध्ये वायर अंगाबाहेर असते, म्हणून अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं, कपडे ढगळ. वाकणं, बादल्या उचलणं बंद, वायर सरकली तर निकालच चुकेल, तेव्हा घरात हाताखाली कोणीतरी आधीच ठरवून ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

मशीन कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बसतं. ऑपरेशनआधी परकराची किंवा सलवारची नाडी, जीन्सचा बेल्ट जिथे येतो तिथे डॉक्टरांसमोर पेनाने खूण करून घ्या, खुर्चीत टेकून बसून दाखवा, कुठल्या कुशीवर झोपता तेही सांगा. लाजू नका, नाडी रोज तिथेच खुपायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे कंबर, गुडघा, खांदा काहीही दुखलं की फिजिओथेरपीला जाऊन मशीनचा शेक घ्यायची सवय असते. त्यातला डायथर्मीचा शेक (विजेच्या किंवा ध्वनीच्या लहरींनी अंगात खोलवर उष्णता देणारा) आता कायमचा बंद, अंगावर कुठेच नाही, स्टिम्युलेटर बंद करूनसुद्धा नाही. त्याची ऊर्जा वायरमधून आत जाते, वायरच्या टोकाशी उष्णता तयार होते आणि तिथला भाग भाजू शकतो, फार गंभीर इजा होते. घरच्यांनाही हे पाठ करून द्या, कारण शेकाला घेऊन जाणारे बहुतेक वेळा तेच असतात. दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तरी आधी सांगायचं, कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डागायचं उपकरण) वापरतात म्हणून. एमआरआयचं मॉडेलवर अवलंबून, जुन्या काही मशीनना फक्त डोक्याचा चालतो, नव्यांना अटी पाळून पूर्ण अंगाचा, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच मशीनसोबत मिळणारं ओळखकार्ड दाखवा.

ते कार्ड पर्समध्ये कायम, आणि फोटो मुलांच्या फोनमध्ये. एअरपोर्टला कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा, हातातला डिटेक्टर मशीनवर धरून ठेवू देऊ नका. मॉलच्या दाराशी रेंगाळू नका, सरळ चालत आत जा. रिमोट चार्ज करून सोबत हवाच, कारण बसल्या-वाकल्यावर कधी एकदम जोरात मुंग्या येतात, तेव्हा लगेच कमी करता आलं पाहिजे.

पॅड लगेच फेकून देऊ नका, सेटिंग जुळायला एकदोन फेऱ्या लागू शकतात. मुंग्या अचानक पायात उतरायला लागल्या, फायदा एकदम गेला, किंवा टाक्यांपाशी लाली, पू, ताप असं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.