'इज' लिहावे की 'आर'? इंग्रजीतील समूहवाचक नामे आणि क्रियापद

'मुलाने आंबे खाल्ले' या मराठी वाक्यात क्रियापद आंब्यांच्या वचनाप्रमाणे चालते. इंग्रजीत अशी मुभा नाही. तिथे क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जाते. त्यामुळे पहिले काम खरा कर्ता शोधण्याचे असते, आणि चूक बहुधा तिथेच होते. 'आंब्यांची पेटी आली आहे' असे म्हणताना 'पेटी' हे मुख्य नाम क्रियापदाला खेटून असते. इंग्रजीत मात्र 'द बॉक्स ऑफ मँगोज' अशी उलटी मांडणी होते, अनेकवचनी 'मँगोज' क्रियापदाच्या शेजारी येऊन बसते आणि आपला हात 'हॅज'ऐवजी 'हॅव' लिहून मोकळा होतो. यावर उपाय सोपा आहे: 'ऑफ'पासून पुढचे शब्द बोटाने झाकून वाक्य वाचावे. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'मध्ये मग 'वन' एवढेच उरते, म्हणून 'लिव्ह्ज' लिहायचे.

परिमाण सांगणाऱ्या शब्दांपुढे ही युक्ती चालत नाही. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'अनेक विद्यार्थी', म्हणून तिथे 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'विद्यार्थ्यांची संख्या', म्हणून तिथे 'इज'.

'टीम', 'फॅमिली', 'कमिटी' या शब्दांपुढे अमेरिकी लेखनात सहसा एकवचनच येते. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही रूपे चालतात: समूह एक घटक म्हणून वागत असेल तर एकवचन, सदस्य सुटे सुटे मनात असतील तर अनेकवचन. क्रिकेटच्या समालोचनात 'इंडिया आर' ऐकू येते ते याच रिवाजामुळे, आणि ती चूक नव्हे. शंका असेल तेव्हा एकवचन वापरणे मला सुरक्षित वाटते. मात्र 'द टीम हॅज' असे सुरू करून पुढे त्याच टीमला 'दे' म्हणू नये.

काही शब्द मराठीच्या सवयीला थेट छेद देतात आणि ते पाठच करावे लागतात. डोक्यावरचे केस आपल्याकडे अनेकवचनी, पण 'हेअर' एकवचनी; 'न्यूज'चेही तसेच. आपला एक पोलीस येऊ शकतो, पण 'पोलीस' हा इंग्रजी शब्द कायम अनेकवचनी असतो आणि एकट्याला 'पोलीस ऑफिसर' म्हणावे लागते. कात्री आणि चष्मा आपल्याला एकेकच दिसतात, तरी 'सिझर्स' आणि 'ग्लासेस' यांना 'आर' लागते; 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हटले, तर मात्र बोटाखाली 'सिझर्स' झाकले जाते आणि 'इज' परत येते.