एसयूव्ही विकून पिकअप घ्यायचाय? आधी घरातली माणसं मोजा

टेक्सासमध्ये घर घेतलं की वर्षा-दोन वर्षांत हा विषय निघतोच. फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या डॅलसजवळच्या आमच्या पट्ट्यात निम्म्या शेजाऱ्यांच्या दारात ट्रक उभे. शनिवारी सकाळी होम डेपोतून मातीची पोती आणि फळ्या भरून आणताना आपल्या टोयोटा हायलँडरचा नाहीतर होंडा पायलटचा, म्हणजे सात-आठ आसनी एसयूव्हीचा, मागचा भाग खाली बसतो, सीटवर चिखल लागतो आणि घरी येता येता कोणीतरी म्हणतं, "ही विकून सरळ पिकअपच घेऊ या ना." माझ्याकडे आधी सात आसनी एसयूव्ही होती आणि आता ट्रक आहे, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात नवीन आलेली मंडळी मला बाजूला घेऊन हेच विचारतात. म्हटलं, एकदा नीट लिहूनच ठेवावं.

मत आधीच सांगून टाकतो. आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून येऊन राहण्याचे दिवस आहेत तोवर घरातली एकुलती एक मोठी गाडी विकून ट्रक घेऊ नका. पेट्रोल, पार्किंग, हप्ता यांवर तडजोड करता येते. आसनांवर येत नाही.

हिशोब सोपा आहे. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा, म्हणजे सहा माणसं. ते येतात तेव्हा बहुधा पाच-सहा महिने राहतात, तेही गणपती-दिवाळी धरून. चार दारांच्या मोठ्या ट्रकमध्ये, ज्याला इथे क्रू कॅब म्हणतात, पाच जण बसतात. काही मॉडेलांत पुढे सलग बाकडं मिळतं आणि कागदावर सहा आसनं होतात. पण ते पुढचं मधलं आसन अरुंद, पाय ठेवायला जागा नाही, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसावं असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. मग तिथे बसणार कोण? आजी? शेवटी देवळात, वाढदिवसाला, विमानतळावर, सगळीकडे दोन गाड्या निघतात. घरात दुसरी गाडी पाच आसनी सेडान असेल आणि दोघंही गाडी चालवत असाल, तर हे चालून जातं. जोडीदाराने अजून लायसन्स काढलं नसेल, तर ट्रकचा विचार पुढे ढकला.

चार-पाच जणच असाल तर मात्र मोठ्या क्रू कॅबची मागची सीट बघून चकित व्हाल. पाय पसरायला बहुतेक एसयूव्हींच्या मधल्या रांगेपेक्षा जास्त जागा असते. तान्ह्या बाळाची उलट्या तोंडाची सीट लावूनही पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत नाहीत. तक्रारीची जागा वेगळीच आहे. पाठ सरळ उभी असते, बहुतेक ट्रकांत ती मागे कलत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात झोपलेल्या पोरांच्या माना लोंबतात. बाळाची सीट मागे बांधायचा पट्टाही एसयूव्हीसारखा सरळ हुकात जात नाही; बऱ्याच ट्रकांत तो आधी कापडी फासातून ओवून शेजारच्या फासात अडकवावा लागतो. मॅन्युअल उघडून बघा, अंदाजाने बांधू नका.

आणि चढणं. आपण उडी मारून बसतो, पण गुडघेदुखी असलेल्या, साडी नेसलेल्या बाईला तो कॅब म्हणजे माळाच वाटतो. डीलरकडे जाताना घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या आणि चार वेळा चढा-उतरायला लावा. बाजूची पायरी आणि दाराच्या खांबावरची मूठ दोन्ही हवीतच. दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी महाग असते, पण आमच्याकडे तिच्याइतके दुवे दुसऱ्या कुठल्याही सोयीला मिळालेले नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाला रोज दोन वेळा उचलून त्या उंचीवर बसवायचं आहे, हेही लक्षात असू द्या. हे काम ज्याच्याकडे आहे त्याचं मत दोन मतांइतकं धरा.

आता वजनाबद्दल, कारण इथे आपले सगळेच लोक फसतात. जाहिरातीत "तेरा हजार पाउंड ओढतो" असं लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळी-पांढरी पट्टी दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये, ते तिथे त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेलं असतं. सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर व्हील ड्राइव्ह असं जे जे वाढतं तसा हा आकडा घटतो. म्हणजे शोरूममधला सर्वांत चकचकीत ट्रक बहुधा सर्वांत कमी वजन वाहतो.

समजा पट्टीवर १,५०० पाउंड आहे. पाच माणसांचे ७०० गेले. चार बॅगा, प्रत्येकी ५० पाउंड, म्हणजे २००. उरले ६००. आता मागे ६,००० पाउंडांचा कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडलात, तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे तुमच्या ट्रकवरच येतो. दहा टक्क्यांनी धरले तरी ६०० झाले. संपलं. कुलर, सायकली, हौदावरचं (ट्रकच्या मागच्या उघड्या भागावरचं) झाकण, कशालाच जागा उरली नाही. पेडरनॅलिस फॉल्स किंवा बिग बेंड अशा इथल्या उद्यानांत कॅम्पर घेऊन जायची स्वप्नं असतील तर हा हिशोब डीलरच्या टेबलावर बसूनच करा. सेल्समन तो आपणहून करून देणार नाही.

हौद कामाचा आहे, यात वाद नाही. साडेपाच फुटांचा लहान हौदही मागचं फळकं पाडलं की आठ फुटी प्लायवूड सपाट घेतो. विमानतळावरून आजी-आजोबांच्या २३ किलोच्या चार बॅगा आणायला तर सोयच सोय. सात आसनी गाडीत तिसरी रांग उघडली की त्या चार बॅगा मावतच नाहीत. पण उघड्या हौदात बॅगा ठेवून तुम्ही रस्त्यात कुठे जेवायला थांबू शकणार नाही, आणि इथला पाऊस सांगून येत नाही. कुलुपाचं कडक झाकण हा खर्च किमतीतच धरा. किराणा हौदात ठेवू नका. वळणावर सगळं घरंगळतं आणि जुलैत चाळीस डिग्रीला दुधाचं काय होतं ते सांगायला नको. मागच्या सीटचं बूड वर उचलता येतं, तांदळाची पोती तिथेच बरी. आणि गावाकडे आपण टेम्पोत मागे बसून वरातीला गेलो असू, पण इथे १८ वर्षांखालच्या मुलांना उघड्या हौदात बसवून गाडी चालवणं गुन्हा आहे.

एक गमतीचा प्रश्न नेहमी येतो. दुबईत किंवा पुण्यात टोयोटाचा हायलक्स पाहिलेले लोक विचारतात, तो मध्यम आकाराचा, काटक ट्रक इथे का मिळत नाही? कारण कोंबडी. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, आणि उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात, १९६४ पासून, बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर बसला. जॉन्सन टेक्सासचेच. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, कर राहिला. त्यामुळे टोयोटाही इथला मोठा टुंड्रा सॅन अँटोनियोत बनवते.

जागेचा प्रश्न नव्या घरांत जास्त बोचतो. क्रू कॅब आणि लहान हौद असलेला फोर्डचा एफ-१५० ट्रक सव्वाएकोणीस फुटांचा, टुंड्रा त्याहून थोडा लांब. हायलँडर सव्वासोळा. गराज वीस फूट खोल असेलही, पण मागच्या भिंतीला वॉटर हीटर, फडताळ, दुसरा फ्रिज. टेप घेऊन भिंतीपासून नव्हे, त्या फडताळापासून मोजा. मावला नाही तर ट्रक ड्राइव्हवेवर राहील, आणि डॅलसच्या आसपास मार्च ते जून गारांचा हंगाम असतो. लिंबाएवढ्या गारा पडल्या की बॉनेट, छत, काच सगळं जातं. गारांचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात येतं. ट्रक बाहेर राहणार असेल तर विम्याचा भाव आणि डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा वाटा, आधी विचारून घ्या. तुमच्या वसाहतीच्या एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) नियमही वाचा, काही ठिकाणी ड्राइव्हवेवरच्या मोठ्या गाड्यांवर बंधनं असतात. पार्किंगचे पट्टे साधारण अठरा फुटांचे, त्यामुळे पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानाच्या बाहेर रविवारी संध्याकाळी तुमचं नाक नाहीतर शेपूट रस्त्यात असणार. लांब उभा करून चालत या, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

उंच नाकाचा एक गंभीर मुद्दा आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं, की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर ती जीवघेणी ठरण्याचा संभव बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असतो. गल्लीत पोरं सायकली खेळतात. पुढचा कॅमेरा नसलेला ट्रक घेऊ नका.

पेट्रोलचं फार ताणत नाही. वर्षाला १२,००० मैल, गॅलनला तीन डॉलर धरा. ३६ मैल देणारी हायब्रिड हायलँडर हजार डॉलर खाते, वीस मैल देणारा ट्रक अठराशे. पन्नास-साठ हजारांच्या गाडीत हे आठशे डॉलर कोणाचा निर्णय बदलत नाहीत, बदलावा तो हप्त्याने. अमेरिकेत येऊन वर्षच झालं असेल तर क्रेडिट हिस्टरी कोवळी असते, व्याज चढं लागतं. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, करातून वजा करता येतं, पण गाडी अमेरिकेत जुळवलेली हवी आणि जोडप्याचं उत्पन्न दोन लाखांच्या वर गेलं की ही सवलत घटत जाते. दोघंही आयटीत असाल तर तिच्यावर विसंबू नका. शेव्हरोले सिल्व्हराडो ट्रकसारखं एकच मॉडेल अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको तिन्हीकडे बनतं, म्हणून काचेवरच्या कागदावर शेवटची जुळवणी कुठे झाली ते वाचून घ्या.

मग सहा जणांच्या घराने ट्रकची हौस भागवायची कशी? वर्षातून चार-सहा वेळाच माती-फर्निचर आणत असाल तर होम डेपो किंवा यू-हॉलचा ट्रक तासाच्या-दिवसाच्या भाड्याने मिळतो. त्याहून जास्त वेळा लागत असेल तर एसयूव्हीला हुक बसवा आणि चार बाय आठ फुटांची छोटी ट्रॉली घ्या. पायलट फोर व्हील ड्राइव्ह ५,००० पाउंड ओढते, हायलँडर हायब्रिड ३,५००. ट्रॉली मागे घ्यायला शिकायला रिकामा पार्किंग लॉट आणि थोडा संयम पुरतो.

चार-पाच जणांच्या घराला मी पूर्ण आकाराच्या ट्रकआधी होंडा रिजलाइन ही मध्यम पिकअप चालवून बघायला सांगतो. चालते एसयूव्हीसारखी, हौदाखाली कुलुपाची डिकी आहे, आणि गराजमध्ये जाते. शेजारी हसतील. हसू द्या. घरातली दुसरी गाडी, म्हणजे ऑफिसची सेडान, बदलायची असेल तर फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड हा छोटा पिकअप; हौद साडेचार फुटांचाच, पण एसयूव्ही जागेवर राहते आणि आजी-आजोबांचा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर नव्या कुटुंबासाठी हीच जोडी सर्वांत शहाणी.

पूर्ण ट्रकच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फ पडून इथली वीज गेली, तेव्हा हायब्रिड एफ-१५० च्या हौदातल्या प्लगवर लोकांनी हीटर आणि फ्रिज चालवले. त्यातल्या मोठ्या जनरेटरची क्षमता ७.२ किलोवॅट आहे. त्या आठवड्यानंतर आमच्या ओळखीत जे ट्रक घेतले गेले, त्यांची कारणं फळ्या-मातीची नव्हती.

पक्कं ठरवण्याआधी ट्रक एका आठवड्यासाठी भाड्याने घ्या आणि रोजचीच कामं करा: शाळेची कारपूल रांग, ऑफिसचं पार्किंग, रात्री गराज. मग जुन्या गाडीचा भाव काढा. टेक्सासमध्ये गाडीवर ६.२५ टक्के विक्रीकर लागतो, आणि जुनी गाडी डीलरलाच दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर. ५५,००० चा ट्रक आणि जुन्या गाडीचे २२,००० आले, तर कर ३३,००० वर, म्हणजे १,३७५ डॉलर वाचले. बाहेरच्या गिऱ्हाइकाने २३,३७५ पेक्षा बरेच जास्त दिले तरच स्वतः विकण्याचा खटाटोप करा. तसं केलंत तर नंबरप्लेट आणि टोलटॅग काढून घ्या आणि गाडी विकल्याची सूचना टेक्सास डीएमव्हीच्या (मोटार वाहन विभागाच्या) साइटवर त्याच दिवशी भरा, नाहीतर पुढच्याचे टोल तुमच्या नावावर येत राहतील.