चालू मशीनमध्ये रॅम वाढवणार? आधी कर्नलचं पॅडिंग बघा

व्हर्च्युअल मशीन बंद न करता रॅम वाढवायची असेल, तर ही एक गोष्ट आधी तपासाच. ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) 4.8 आवृत्तीपासून स्वतःच्या मेमरी-विभागांचे पत्तेही दर बूटला बदलू शकतो, म्हणजे हल्लेखोराला त्यांचा अंदाज येऊ नये. त्यासाठी तो बूटच्या वेळी दिसलेल्या रॅमपुरती जागा धरतो आणि वर थोडी मोकळी सोडतो; हेच पॅडिंग. कर्नलमध्ये हॉटप्लग (चालू मशीनला रॅम जोडण्याची सोय) चालू असेल तर ही मोकळीक मुळात 10 टेराबाइट असते. नंतर जोडलेली रॅम त्यापलीकडच्या पत्त्यावर आली, की ती नीट जोडली जात नाही. इथे रॅम किती हे गौण, ती कुठल्या पत्त्यावर येते हे महत्त्वाचं. 16 जीबीची पट्टीसुद्धा लांबच्या पत्त्यावर बसू शकते.

बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘रँडमाइझ मेमरी फिजिकल पॅडिंग’ शोधा. आकडा षोडशमान असतो: ‘ए’ म्हणजे 10. कमी पडत असेल तर तो वाढवून कर्नल पुन्हा बांधा (कंपाइल करा). कमाल 64 टेराबाइट. पत्ते बदलणं बंद करणारा ‘नोकेएएसएलआर’ हा पर्याय देऊन बूट केल्यानेही अडचण सुटते, पण मग हल्लेखोराला कर्नलचे पत्ते आयते मिळतात. तो उपाय फक्त चाचणीपुरता वापरा, प्रॉडक्शनवर नको.