गुंतवणूक व्हिसा: आधी पैशाचा माग जुळवा
अमेरिकेच्या ईबी-5 या गुंतवणूकदारांच्या व्हिसासाठी निदान 8 लाख डॉलर गुंतवावे लागतात. रिझर्व्ह बँक मात्र एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवू देते. म्हणून 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे हप्ते पाडा. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी असते.

खरी अडचण येते ती पैसा आला कुठून, हे दाखवताना. नागपुरात बेसा-मनीषनगरकडचा प्लॉट विकत असाल, तर जुनं खरेदीखत, नवं विक्रीपत्र, इंडेक्स-2 (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), बँकेचा उतारा, प्राप्तिकराचं रिटर्न, सगळं एका फाइलीत लावा. सौद्यातली रोकड इथे निरुपयोगी. पूर्ण रक्कम खात्यातच घ्या, कृपा करून.

'घर घ्या, व्हिसा मिळेल' म्हणणाऱ्या एजंटाला टोकन देऊ नका. पोर्तुगालने आपल्या गुंतवणूक व्हिसातला घराचा पर्याय 2023 मध्ये काढला, स्पेनने योजनाच एप्रिल 2025 मध्ये बंद केली.